‘सर्व माहिती पूर्ण आहे’ म्हणणारा मॅक्रो कसा तपासायचा

एक्सेलच्या यादीतल्या रिकाम्या जागा शोधणारा मॅक्रो, म्हणजे ते काम आपोआप करणारा छोटा कोड, तीन तऱ्हांनी बिघडतो. कधी तो चालतच नाही. कधी मधेच अडकतो आणि एडिटरमधली एक ओळ पिवळी करून थांबतो. कधी मात्र सुरळीत चालतो, ‘सर्व माहिती पूर्ण आहे’ अशी खिडकी दाखवतो, आणि प्रत्यक्षात यादीतल्या कितीतरी जणांचा मोबाईल नंबरच भरलेला नसतो. पहिल्या दोन बिघाडांची बोंब लगेच होते. तिसऱ्याची होत नाही, म्हणून या लेखातली जास्त जागा त्यालाच दिली आहे.

उदाहरणासाठी पतसंस्थेची सभासद यादी घेऊ. ए रकान्यात सभासद क्रमांक, बीमध्ये नाव, सीमध्ये पॅन, डीमध्ये मोबाईल, ईमध्ये वारसदार आणि एफमध्ये शाखा. शाखेचं नाव दुसऱ्या शीटवरून व्हीलुकअप या शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याने येतं. मॅक्रो एक्सेलच्या व्हीबीए या कोड-भाषेत लिहिलेला आहे. शाळेची विद्यार्थी यादी असो की गृहनिर्माण संस्थेची, दुखणी हीच असतात. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायचे.

आधी मॅक्रोची परीक्षा

कोडला हात लावण्याआधी फाईलची प्रत काढा. मॅक्रोने शीटवर केलेला बदल कंट्रोल+झेडने परत येत नाही, त्यामुळे मूळ फाईलवर प्रयोग नकोत.

मग त्या प्रतीत ‘चाचणी’ नावाची एक शीट तयार करा. मूळ यादीसारखेच रकाने ठेवा आणि मुद्दाम वाईट माहिती भरा. प्रत्येक ओळीत एकाच प्रकारचा घोळ असू द्या:

१. खरोखर रिकामा सेल, ज्यात कधीच काही टाइप केलेलं नाही.
२. एकदा स्पेसबार दाबून सोडलेला सेल.
३. फक्त एकेरी अवतरणचिन्ह टाकलेला सेल. दिसायला तो रिकामाच दिसतो.
४. ज्याचं उत्तर रिकामी मजकूर-पट्टी आहे असा फॉर्म्युला, म्हणजे इफएररमध्ये शेवटी दोन अवतरणचिन्हं टाकलेला.
५. तोच फॉर्म्युला कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ केलेला सेल.
६. वेबपेजवरून कॉपी केलेली, न तुटणारी स्पेस असलेला सेल.
७. शून्य.
८. व्हीलुकअपला काही न सापडल्यावर येणारी एन-ए चूक.
९. ‘निरंक’ असं लिहिलेला सेल.
१०. दोन ओळींत मर्ज केलेला सेल.
११. शेवटच्या ओळीत सभासद क्रमांकच नाही, बाकी सगळं भरलेलं.

शेजारच्या रकान्यात मॅक्रोकडून अपेक्षित उत्तर स्वतःच्या हाताने लिहा: ‘रिकामं’, ‘भरलेलं’ किंवा ‘चूक’. इथेच थोडं थांबावं लागतं, कारण काही उत्तरं कोड ठरवत नाही, कार्यालय ठरवतं. वारसदाराच्या रकान्यात ‘निरंक’ असेल, तर सभासदाला विचारलं होतं आणि त्याने नेमला नाही असा अर्थ घ्यायचा, की माहिती अजून यायची आहे असा? ठेवीच्या रकान्यातलं शून्य ही खरी रक्कम आहे, की कुणीतरी जागा भरून टाकली आहे? हे साहेबांना किंवा व्यवस्थापकांना आधीच विचारून घ्या. मॅक्रो नंतर कितीही दुरुस्त केला तरी या प्रश्नाचं उत्तर त्यात आपोआप येत नाही.

आता मॅक्रो या शीटवर चालवा आणि दोन रकाने जुळवून पाहा. जिथे जुळत नाहीत तिथेच दुखणं आहे, बाकीचं कोड वाचत बसायची गरज नाही.

चालतच नसेल तर

हे लवकर उरकतं. फाईल एक्सएलएसएक्स प्रकारात सेव्ह केली असेल तर मॅक्रो उरलेलाच नसतो. एक्सएलएसएमसारखा मॅक्रो साठवणारा प्रकार लागतो. फाईल ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवरून आली असेल, तर विंडोज तिच्यावर ‘इंटरनेटवरून आलेली’ अशी खूण ठेवतं, आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाईलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. फाईल कुणाची आहे याची खात्री असेल तर एक्सेल बंद करा, फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि तळाशी असलेल्या ‘अनब्लॉक’वर टिक करा. सगळ्या मॅक्रोंना सरसकट परवानगी देणारी सेटिंग निवडू नका. एका यादीसाठी पूर्ण संगणक उघडा ठेवण्यात शहाणपण नाही.

मॅक्रो बटणाने चालतो पण सेलमध्ये बदल केल्यावर आपोआप चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी इव्हेंट्स, म्हणजे काही घडलं की कोड आपोआप सुरू करणारे इशारे, बंद पडलेत का ते बघा. आधीच्या एखाद्या मॅक्रोने एनेबलइव्हेंट्स फॉल्स केलं आणि परत ट्रू करण्याआधीच तो अडकला, तर एक्सेल बंद करेपर्यंत सगळे इव्हेंट गप्प राहतात. ऑल्ट+एफ११ने एडिटर उघडा, कंट्रोल+जीने इमिजिएट विंडो आणा आणि ‘ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = ट्रू’ लिहून एंटर दाबा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: फॉर्म्युल्याचं उत्तर बदललं तर वर्कशीट_चेंज हा (सेल बदलल्यावर सुटणारा) इव्हेंट सुटत नाही. शाखेचा रकाना फॉर्म्युल्याने भरत असल्यामुळे त्या इव्हेंटच्या भरवशावर राहिलात तर तो कधीच तपासला जाणार नाही.

एक्सेलच्या वेब आवृत्तीत आणि मोबाईल ॲपमध्ये व्हीबीए चालत नाही. गुगल शीट्समध्येही नाही.

मधेच अडकत असेल तर

चुकीची खिडकी आली की घाबरून ‘एंड’ दाबू नका, ‘डीबग’ दाबा, म्हणजे अडलेली ओळ पिवळी दिसते. कर्सर व्हेरिएबलवर नेला की त्यातली किंमत दिसते. त्यात सेलचा पत्ता सापडला की तो सेल शीटवर जाऊन पाहा. निम्मं काम तिथेच होतं.

चूक १३, म्हणजे टाइप मिसमॅच, या मॅक्रोंमध्ये सगळ्यात जास्त दिसते. तिचं नेहमीचं कारण म्हणजे सेलमध्ये एन-ए किंवा व्हॅल्यूची चूक असते आणि कोड तिची तुलना रिकाम्या मजकुराशी करतो. यावर लोक एकाच ओळीत ‘इझएरर नसेल आणि किंमत रिकामी असेल’ असं लिहितात, आणि तरीही चूक येते. व्हीबीएमध्ये ‘अँड’च्या दोन्ही बाजू प्रत्येक वेळी तपासल्या जातात. पहिली बाजू खोटी ठरली म्हणून दुसरी वगळली जात नाही. म्हणून दोन इफ एकाच्या पोटात एक असे लिहायचे: बाहेर इझएरर (सेलमध्ये चूक आहे का हे सांगणारं फंक्शन), आत तुलना.

एकाच वेळी अनेक सेल पेस्ट केल्यावर हीच १३ नंबरची चूक वर्कशीट_चेंजमध्ये येते, कारण तेव्हा टार्गेट, म्हणजे बदललेला भाग, हा एक सेल नसून पूर्ण पट्टा असतो आणि त्याची किंमत रिकाम्या मजकुराशी ताडता येत नाही. टार्गेटमधल्या प्रत्येक सेलवरून फॉर-ईचने फिरा.

चूक ६, ओव्हरफ्लो. ओळ क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल इंटिजर असेल तर त्याची मर्यादा ३२,७६७ आहे, त्यापुढच्या ओळीवर मॅक्रो कोसळतो. ‘लाँग’ वापरा. जुन्या मॅक्रोंमध्ये ६५,५३६ हा आकडा थेट लिहिलेला सापडला तर तोही काढा. ती जुन्या एक्सएलएस फाईलची मर्यादा होती. आताच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, म्हणून शीटमधल्या एकूण ओळी सांगणारं रोज.काउंट लिहावं. ही बाब किरकोळ वाटते, पण २०२०मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागात कोविडचे १५,८४१ रुग्ण २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरदरम्यानच्या रोजच्या आकड्यांतून सुटले. माहिती जुन्या एक्सएलएस साच्यात उतरवली जात होती आणि मर्यादेबाहेरच्या ओळी गळत होत्या.

चूक १००४, ‘नो सेल्स वेअर फाउंड’. ठरावीक प्रकारचे सेल निवडणाऱ्या स्पेशलसेल्सने रिकामे सेल मागितले आणि एकही सापडला नाही, तर तो शून्य सांगत नाही, चूक देतो. म्हणजे माहिती खरोखर पूर्ण असते तेव्हाच मॅक्रो कोसळतो! त्या एका ओळीपुरतं ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट लावा, निकाल रेंज व्हेरिएबलमध्ये घ्या, लगेच पुढच्या ओळीत ऑन एरर गो-टू झिरो करा आणि मग व्हेरिएबल नथिंग आहे का ते पाहा. स्पेशलसेल्सची आणखी एक खोड अशी की तो एकाच सेलवर चालवला तर सगळ्या वापरलेल्या भागात शोधत सुटतो.

चूक ९ आली तर शीटचं नाव बघा. नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस हे नेहमीचं कारण. देवनागरी नावाच्या शीटची गोष्ट वेगळी आहे, ती खाली येते.

खोटं ‘पूर्ण आहे’ सांगत असेल तर

पहिली शंका ऑन एरर रिझ्यूम नेक्स्टवर, म्हणजे ‘चूक आली तरी पुढे जा’ या आज्ञेवर घ्यायची. ही ओळ मॅक्रोच्या सुरुवातीला टाकून ठेवलेली असली की पुढच्या सगळ्या चुका गिळल्या जातात. शीट सापडली नाही, तरी तो पुढे जाऊन ‘पूर्ण आहे’ म्हणतो. आणखी विचित्र म्हणजे इफच्या अटीतच चूक झाली तर व्हीबीए ‘पुढच्या ओळीवर’ जातं, आणि ती पुढची ओळ इफच्या आतलीच असते. त्यामुळे अट खरी नसतानाही आतलं काम होतं. ती ओळ काढा आणि मॅक्रो पुन्हा चालवा. चुका दिसू लागतील, आणि त्या दिसायलाच हव्यात. सोबत मॉड्यूलच्या अगदी वर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहा. त्याशिवाय व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं तर व्हीबीए निमूट नवं, रिकामं व्हेरिएबल बनवतं आणि मोजणी शून्यच राहते.

दुसरी शंका सीमेवर, म्हणजे मॅक्रो कुठपर्यंत पाहतो यावर. रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोत बहुधा एंड(एक्सएलडाउन) असतं. ते वरून खाली जातं आणि पहिल्या रिकाम्या सेलच्या अलीकडे थांबतं. ‘सेल रिकामा होईपर्यंत’ फिरणारं डू-अंटिल तेच करतं, आणि पूर्ण रिकामी ओळ आली की करंटरीजनही (सेलच्या आसपासचा सलग भरलेला भाग) तिथेच संपतो. ज्या रिकाम्या जागा शोधायच्या आहेत त्यांनाच यादीचा शेवट मानणारा मॅक्रो त्या कशा शोधणार?

म्हणून खालून वर यायचं: रोज.काउंटच्या ओळीवरून एंड(एक्सएलअप). यातही दोन खाचखळगे आहेत. शेवटचा सभासद क्रमांकच भरलेला नसेल (आपल्या चाचणीतली अकरावी ओळ), तर ए रकान्यावरून काढलेली शेवटची ओळ चुकते आणि तो सभासद तपासणीतूनच वगळला जातो. आणि फिल्टर लावलेला असेल तर एंड लपलेल्या ओळी ओलांडून शेवटच्या दिसणाऱ्या ओळीवर थांबतं. भरवशाचा उपाय म्हणजे आधी फिल्टर काढून पूर्ण शीटवर फाइंडने तारकाचिन्ह शोधायचं: ओळींच्या क्रमाने, शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि लुकइन एक्सएलफॉर्म्युलाज ठेवून. एक्सएलव्हॅल्यूज ठेवलं तर लपलेल्या ओळी पुन्हा सुटतात. हे सगळे पर्याय दर वेळी कोडमध्ये लिहायचेच, कारण फाइंड मागच्या शोधातल्या सेटिंग्ज लक्षात ठेवतं, अगदी कुणी कंट्रोल+एफने हाताने केलेल्या शोधातल्यासुद्धा.

जमलं तर यादीला कंट्रोल+टीने टेबल करून टाका आणि कोडमध्ये डेटाबॉडीरेंज, म्हणजे टेबलातला शीर्षकाखालचा भाग, वापरा. सीमेचा बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो. फक्त टेबलात एकही ओळ नसेल तर डेटाबॉडीरेंज नथिंग असतो आणि चूक ९१ येते, तेवढं आधी तपासा.

याच्या उलट, मॅक्रो हजारो रिकाम्या जागा सांगत असेल तर त्यात यूज्डरेंज (शीटचा वापरलेला भाग) असणार. कुणी पाच हजार ओळींपर्यंत चौकटी आखल्या असतील तर एक्सेलच्या हिशोबी त्या सगळ्या वापरलेल्या आहेत.

तिसरी शंका: मॅक्रो बघतोय ती शीट तरी बरोबर आहे का? सेल्सच्या आधी शीट लिहिली नसेल तर साध्या मॉड्यूलमध्ये समोर उघडी असलेली शीट तपासली जाते. दोन फाईली उघड्या असतील तर हे हमखास होतं. मॅक्रो ज्या फाईलमध्ये आहे तिच्यासाठी धिसवर्कबुक, समोर असलेल्या फाईलसाठी ॲक्टिव्हवर्कबुक. दोन्ही एकच असतील असं गृहीत धरू नका.

सेलच्या पोटात काय आहे

सीमा बरोबर निघाली तरी चाचणीतल्या ओळ क्रमांक २ ते ६ चुकत असतील, तर दोष सेल तपासण्याच्या पद्धतीत आहे. संशयित सेल निवडा, इमिजिएट विंडोत ‘? लेन(ॲक्टिव्हसेल.व्हॅल्यू)’ लिहून एंटर दाबा. लेन म्हणजे मजकुराची लांबी. उत्तर एक किंवा जास्त आलं तर आत काहीतरी आहे. ‘? एएससीडब्ल्यू(ॲक्टिव्हसेल.व्हॅल्यू)’ त्याच्या पहिल्या अक्षराचा क्रमांक सांगतं: ३२ आला तर साधी स्पेस, १६० आला तर वेबवरून आलेली न तुटणारी स्पेस, १० आला तर ऑल्ट+एंटरने दिलेली नवी ओळ. ट्रिम फक्त साध्या स्पेस काढतं. १६० त्याच्या हाती लागत नाही, त्यासाठी रिप्लेसमध्ये सीएचआरडब्ल्यू(१६०) द्यावं लागतं.

लेन शून्य आलं, पण इझएम्प्टी (सेल रिकामा आहे का हे सांगणारं फंक्शन) फॉल्स म्हणत असेल, तर सेलमध्ये शून्य लांबीचा मजकूर आहे. रिकामं उत्तर देणारा फॉर्म्युला, त्याचं पेस्ट व्हॅल्यूज आणि एकटं अवतरणचिन्ह, तिन्हींची हीच स्थिती. इझएम्प्टीला आणि शीटवरच्या इझब्लँकला हे सेल भरलेले वाटतात. काउंटब्लँक मात्र त्यांना रिकामे मोजतं, आणि काउंटएही त्यांना भरलेले म्हणून मोजतं. यातून एक सोपी परीक्षा निघते: रकान्याच्या काउंटए आणि काउंटब्लँकची बेरीज एकूण सेलपेक्षा जास्त आली, तर जास्तीचे तितके सेल या भुताटकीतले.

उलटा घोळ शून्याचा. व्हीबीएमध्ये रिकाम्या सेलची तुलना शून्याशी केली तरी उत्तर ट्रू येतं आणि रिकाम्या मजकुराशी केली तरी ट्रूच. म्हणून ‘किंमत = ०’ अशी अट कधीच एकटी लिहू नये.

यासाठी एकच छोटं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा. सेल मर्ज केलेला असेल तर मर्जएरियामधल्या पहिल्या सेलची किंमत घ्या, कारण बाकीचे सेल आतून रिकामेच असतात. मग इझएरर तपासा, आणि चूक असेल तर ‘चूक’ असं वेगळं उत्तर द्या, तिला रिकाम्यात किंवा भरलेल्यात ढकलू नका. मग सीएसटीआर फंक्शनने किंमत मजकुरात आणा, १६०, १०, १३ आणि ९ क्रमांकांची अक्षरं रिप्लेसने काढा, ट्रिम करा आणि लेन शून्य आहे का ते पाहा. ही साफसफाई फक्त तपासणीच्या व्हेरिएबलवर, सेलमध्ये परत काही लिहायचं नाही. ‘रेंज.व्हॅल्यू = रेंज.व्हॅल्यू’ ही शून्य लांबीचा मजकूर खरोखर रिकामा करण्याची प्रसिद्ध युक्ती काम करते, पण त्याच फटक्यात फॉर्म्युले किमती बनून जातात, आणि जनरल फॉरमॅटच्या सेलमधला ००४७ हा सभासद क्रमांक ४७ होऊन बसतो.

मराठी यादीच्या खास अडचणी

व्हीबीएचा एडिटर युनिकोड, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्यांची प्रमाण अक्षर-पद्धत, समजत नाही. त्यात ‘निरंक’ टाइप किंवा पेस्ट केलं तर प्रश्नचिन्हांची रांग उमटते, आणि मॅक्रो त्या प्रश्नचिन्हांशीच तुलना करत राहतो. देवनागरी नावाची शीट कोडमध्ये नावाने हाक मारून मिळत नाही, तीही याचमुळे. उपाय सोपा आहे: शीटला कोडनेमने हाक मारा, म्हणजे एडिटरच्या प्रॉपर्टीज खिडकीत दिसतं ते शीट१सारखं नाव. ‘निरंक’, ‘लागू नाही’, ‘माहिती नाही’ हे शब्द ‘संकेत’ नावाच्या वेगळ्या शीटवर एकाखाली एक लिहा आणि मॅक्रोने तुलना त्या सेलशी करावी.

डीबग.प्रिंट आणि मेसेजबॉक्सही देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दाखवतात. इमिजिएट विंडोत नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली म्हणजे माहिती बिघडली असं नव्हे. खात्री करायची तर एएससीडब्ल्यू विचारा, देवनागरी अक्षराचा क्रमांक २३०४ ते २४३१ यांच्यामध्ये येतो. मराठी संदेश दाखवायचा असेल तर तो सेलमध्ये लिहा किंवा यूजरफॉर्मच्या लेबलवर आणा. लेबल देवनागरी नीट दाखवतं.

फोनवरून किंवा काही कीबोर्डांवरून आलेल्या मजकुरात न दिसणारे जोडक असतात, क्रमांक ८२०४ आणि ८२०५, कधी ८२०३ची शून्य रुंदीची स्पेस. सेलमध्ये फक्त हेच उरलेलं असेल तर लेन एक येतं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. तपासणीच्या फंक्शनमध्ये हे तिन्ही क्रमांकही काढून टाका. पण वरची सूचना इथे दुप्पट लागू: साफ केलेला मजकूर परत सेलमध्ये घालू नका. ‘कऱ्हाड’ बरेच जण र, हलन्त आणि ८२०५चा जोडक वापरून टाइप करतात. तो जोडक काढला की पत्त्यात ‘कर्हाड’ उरतं.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी असेल तर आतली अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी आहेत. मॅक्रोला ते सेल भरलेले दिसतील, ते बरोबरच, पण ‘निरंक’ कधीच जुळणार नाही. आधी यादी युनिकोडमध्ये बदला.

संदेश आणि सक्ती

मॅक्रोच्या शेवटच्या संदेशात किती ओळी तपासल्या तो आकडा आलाच पाहिजे. ‘४१२ ओळी तपासल्या, ७ जागा रिकाम्या, २ जागी चूक’ असं लिहिलं की यादीत ६०० सभासद असल्याचं माहीत असलेला माणूस लगेच थबकेल. रिकाम्या जागांचे पत्ते वेगळ्या शीटवर लिहा. सेल लाल रंगवण्यापेक्षा हे बरं, कारण रंग दुरुस्तीनंतरही तसाच राहतो आणि पुढच्या महिन्यात कुणालाच कळत नाही तो नवा की जुना. ‘चाचणी’ शीट फाईलमध्येच लपवून ठेवा. कोडमध्ये काहीही बदललं की मॅक्रो आधी तिच्यावर चालवायचा.

शेवटी बिफोरसेव्हबद्दल, म्हणजे फाईल सेव्ह होण्याआधी सुटणाऱ्या इव्हेंटबद्दल. काही जण या इव्हेंटमध्ये कॅन्सल ट्रू करून एकही जागा रिकामी असेल तर फाईल सेव्हच होऊ देत नाहीत. कागदावर हे चोख वाटतं. संध्याकाळी सहा वाजता बस गाठायची असलेला क्लार्क मात्र मोबाईलच्या रकान्यात एक टिंब टाकतो, पॅनच्या जागी डॅश, आणि फाईल सेव्ह होते. मग रिकामी जागा भरल्यासारखी दिसू लागते आणि ती शोधणं आणखी अवघड होतं. सेव्ह अडवू नका, इशारा द्या आणि यादी दाखवा. जिथे आधीच अशी सक्ती चालू होती, तिथे ‘संकेत’ शीटवर टिंब, डॅश, एक्सएक्सएक्स आणि ९९९९९९९९९९ हेही भरून ठेवा, आणि पॅन व मोबाईल या दोन्ही रकान्यांत लेन दहा आहे का ही अट जोडा. पहिल्या वेळी मॅक्रो बराच मोठा आकडा सांगेल.